‘एक’ म्हणायचं नाही

बातमी आली तेव्हा मी इथे अमेरिकेत, प्लेन्सबरोच्या एका आजोबांच्या घरी फिजिओथेरपीसाठी त्यांचा गुडघा वाकवत होते. टेबलावर फोन थरथरला, स्क्रीनवर रूथचं नाव दिसलं, आणि मला कळलंच. सकाळी साडेसातला रूथ कधी मेसेज करत नाही. तरी मी आजोबांची दहाची मोजणी पूर्ण केली, पट्टा सोडला, पुढच्या आठवड्याची वेळ लिहून दिली आणि मग गाडीत बसून मेसेज उघडला. डॅड पहाटे झोपेत गेले, फ्युनरल उद्याच. मला रडू आलं नाही, राग आला. शुक्रवारी दहा वाजता तिच्या डॅडची, रब्बाय योएलची, माझ्याकडे अपॉइंटमेंट होती, आणि या माणसाने सहा वर्षांत माझी एकही अपॉइंटमेंट कॅन्सल केली नव्हती. बर्फ पडला तरी नाही, ताप आला तरी नाही. वय वर्षं नव्याण्णव... आता जायचंच ना, असं मला सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

दुसऱ्या दिवशी मी स्मशानात पांढऱ्या शेवंतीचा मोठा गुच्छ घेऊन गेले. मी नागपूरची, मातीला रिकाम्या हाताने जायचं नाही हे अंगात मुरलेलं. तिथे पोचल्यावर बघते तर एकाच्याही हातात फूल नाही. ज्यूंच्या अंत्यविधीला फुलं नेत नाहीत, हे सहा वर्षं त्या घरात जाऊन येऊन मला ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूथ, त्यांची एकुलती एक मुलगी, बॉस्टनहून आली होती. तिने गुच्छ माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर नीट ठेवला. मग ज्याने त्याने फावड्याने थोडी थोडी माती ढकलली, मीही ढकलली.

नंतर तीन जण बोलले आणि तिघांनीही तीच गोष्ट सांगितली. रब्बाय योएल म्हटलं की आमच्या वेस्ट विंडसरमध्ये तीच गोष्ट सांगतात. युद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मनीत, सैन्याच्या जुन्या बराकींत, छळछावण्यांतून जिवंत राहिलेली काहीशे माणसं अमेरिकन सैन्याने आणून ठेवली होती. ज्याला त्याला आपापल्या गावी परत पाठवायचं, असं वरून ठरलेलं. म्हणजे ज्या गावांनी यांना हाकललं, त्याच गावांत. एके दिवशी एक जनरल चार-पाच अधिकारी घेऊन आला. या माणसांच्या वतीने बोलायला उभा राहिला एकोणीस वर्षांचा योएल. त्याचे वडील रब्बाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, छावणीतच वारले. प्रार्थना आता यालाच पाठ, म्हणून लोक यालाही रब्बाय म्हणू लागले होते. जनरलने विचारलं, यातल्या किती जणांना घरी परत जायचंय? योएलने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, “नॉट वन.” एकालाही नाही. जनरलने हातमोजा काढून योएलचा हात हातात घेतला, अधिकाऱ्यांनी कागद मिटले आणि दुसऱ्या दिवशी ट्रक रिकामे गेले. गोष्ट संपली. स्मशानात सगळ्यांचे डोळे भरून आले. मी मात्र मान खाली घालून बुटांवरची माती बघत उभी होते, कारण गोष्ट अशी नव्हती, आणि ती कशी होती हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

आमची ओळख त्यांच्या खुब्याच्या हाडामुळे झाली. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी जाऊन व्यायाम करून घ्यायला मला पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. संघमित्रा म्हटल्यावर दोनदा घोळवून बघितलं आणि मित्रावर समाधान मानलं. धर्म कोणता विचारलं. मी सांगितलं बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली. देव मानता का? नाही मानत. ते पाय वर उचलता उचलता थांबले आणि म्हणाले, “मग तू भांडतेस कोणाशी?” मी म्हटलं, सध्या तुमच्याशी, पाय सरळ ठेवा. तेव्हापासून आमचं जमलं. मी सवयीने मराठीत मोजायचे, एक, दोन, तीन... त्यांना ते ऐकायला आवडायचं. महिन्याभरात ते स्वतःच दहापर्यंत मोजू लागले, फक्त ‘आठ’ला ‘आट’ म्हणायचे. विम्याच्या व्हिजिट्स संपल्या तरी मी शुक्रवारी जातच राहिले. का, ते विचारू नका. माझे बाबा मी इकडे असताना गेले, मला पोचता आलं नव्हतं... बहुतेक तेच असेल.

आई माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली तेव्हा फोनवर माझं ‘रब्बाय, रब्बाय’ ऐकून तिला पहिला प्रश्न पडला तो शेतीचा. “काहून वं, इकडे रब्बीचं पीक पण घेतात का?” मी हसून हसून बेजार झाले. खरी गंमत म्हणजे रब्बायना हे सांगितलं, तर रब्बी आणि खरीप म्हणजे काय हे त्यांनी अर्धा तास खोदून खोदून विचारलं. थंडीत पेरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढायचं ते पीक म्हणजे रब्बी, हे कळल्यावर स्वारी भलतीच खूश झाली. पुढे आई त्यांना रब्बीबाबाच म्हणायची. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघं तासन् तास बोलत बसायची. मी मध्ये दुभाषी.

म्हातारा हट्टी होता, हे लिहिलंच पाहिजे. नवरा-बायको दोघांनी घेतलेलं ते दोन मजली घर, बायको जाऊन वीस वर्षं झालेली, जिना चढता येत नाही, तळमजल्यावरच्या एका खोलीत पलंग टाकलेला. रूथ दर सुट्टीत यायची आणि बॉस्टनला चला म्हणून विनवायची. तिने त्यांच्यासाठी खाली बाथरूम असलेली खोली तयार करून ठेवली होती. हे नाहीच म्हणायचे. का, तर सांगायचे नाहीत. एकदा ती जाताना माझ्याशी दारात बोलली, तेव्हा तिचा आवाज फाटला होता. म्हणाली, त्यांना माझ्याबरोबर राहायचं नाहीये एवढंच खरं. मलाही तसंच वाटत होतं.

वर्षातून एक पत्र मात्र मी त्यांच्यासाठी टाकायचे. पोलंडमधल्या कुठल्याशा छोट्या गावाच्या नगरपालिकेच्या नावाने, हाताने लिहिलेलं, मागे स्वतःचा पत्ता मोठ्या अक्षरांत. मला वाटायचं पेन्शनचं किंवा जुन्या जमिनीचं काही असेल. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग तो खिचडीचा दिवस आला. त्यांना दोन दिवस जेवण जात नव्हतं म्हणून आईने फर्मान काढलं, चल, मी त्यांच्याच घरी जाऊन करून घालते. तुरीची डाळ, हळद, मीठ, घरचं तूप सगळं पिशवीत घालून आम्ही गेलो. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून आईकडे बघत होते. आईने त्यांचाच एक कप घेतला आणि तांदूळ मोजायला लागली. लाभ, दोन, तीन. रब्बायनी मान वर केली. मित्रा, ती ‘एक’ का नाही म्हणाली?

मी आईला विचारलं. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं, म्हणजे धान्य सरत नाही. तिची आई तसंच म्हणायची. “धम्म घेतला, सगळं सोडलं, पण लाभ काही सुटला नाही बाप्पा,” असं म्हणत तिने तांदूळ धुवायला घेतले. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी तो कप हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाले, “आमच्या घरीही ‘एक’ म्हणत नसत.”

त्यांच्या घरात माणसं मोजत नसत. जिवंत माणसाला आकडा लावला की दृष्ट लागते. प्रार्थनेला पुरेसे जण जमले का बघायचं असेल, तर त्यांची आई बोट दाखवत म्हणायची, एक नाही, दोन नाही, तीन नाही... देवाला वाटावं, कोणी मोजलंच नाही. आणि छावणीतून बाहेर आल्यावर तर कोणीच कोणाला सरळ मोजेना, कारण तिथे सगळ्यांचे नुसते नंबरच झाले होते. जनरल येणार त्याच्या आदल्या दिवशी योएलने बराकी-बराकींत फिरून विचारलं होतं, कोणाला परत जायचंय? बहुतेकांनी तोंड फिरवलं. चौघांना जायचं होतं. एक शिंपी योएलच्याच गावचा, त्याला बायकोचा तपास काढायचा होता. आणखी दोघे होते. आणि चौथा, किंवा खरं तर पहिला, योएल स्वतः. गावात त्यांची धाकटी बहीण होती, रिवका. तोवर अकरा वर्षांची झालेली. सगळ्यांना पकडून नेलं त्या रात्री आईने तिला मागच्या दाराने बेकरीवाल्याच्या घरात ढकललं होतं, आणि योएलने तिला सांगितलं होतं, इथेच थांब, मी येतो.

जनरल आला त्या दिवशी सैन्याचा दुभाषी आजारी होता. योएलने सहा आठवड्यांत बराकींतल्या अमेरिकन आचाऱ्याकडून जेवढं इंग्रजी उचललं होतं तेवढंच. मनात आईची भाषा यायची आणि तो एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवायचा. जनरलने विचारलं, किती जणांना घरी जायचंय? योएलने मोजायला सुरुवात केली, आईने शिकवलं होतं तसं. पहिला स्वतः. छातीवर हात ठेवून म्हणाला, नॉट वन. आता शिंप्याकडे बोट करून नॉट टू म्हणणार, तोच जनरलने हात वर केला...

मी ते ऐकत होते आणि मागे आईचा कुकर लागला होता. रब्बाय म्हणाले, चूक सुधारायला दोन शब्द पुरे होते. सर, वेट. वेट हा शब्द मला येत होता, आचारी दिवसातून दहादा म्हणायचा. मी रागावून विचारलं, मग म्हणाला का नाहीत? त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. “पाच वर्षांत माझा हात कोणी हातात घेतला नव्हता, मित्रा. मला तो सोडवेना.”

मागे उभ्या असलेल्या शेकडो जणांनी तोपर्यंत सुटकेचा श्वास टाकला होता, बायका रडत होत्या, एक म्हातारी योएलच्या बाहीला धरून पुन्हा पुन्हा आभार मानत होती. त्यांना कोणी परत पाठवणार नव्हतं, आणि ते खरंच झालं. ट्रक गेले. योएलने ठरवलं, दोन दिवसांत आपलं आपण चालत निघायचं. पण दुसऱ्याच दिवशी टायफसचा ताप चढला, तो त्याला पानगळीपर्यंत अंथरुणातून उठू देईना. शिंपी मात्र चालत गेला आणि थंडी सुरू व्हायच्या बेताला एकटाच परत आला. त्याने सांगितलं, बेकरीवाल्याची बायको म्हणाली, पोरगी उन्हाळाभर पायरीवर बसून होती, रस्त्याकडे तोंड करून. पानगळ सुरू झाली तेव्हा गावातून जाणाऱ्या काही लोकांबरोबर निघून गेली. कुठे, ते माहीत नाही.

एवढंच. त्यानंतर काही नाही. ऐंशी वर्षं काही नाही. आईवडिलांसाठी आणि दोन मोठ्या भावांसाठी ते दरवर्षी मेणबत्ती लावायचे, रिवकासाठी त्यांनी कधीच लावली नाही. मेलेली आहे हे कोणी सांगितलं? आणि त्या पत्रांत पेन्शन नव्हती की जमीन नव्हती. त्यात दरवर्षी एवढंच असायचं, की अशी अशी मुलगी कधी चौकशी करत आली, तर तिला हा पत्ता द्यावा. एकदा पत्ता दिल्यावर घर कसं सोडणार? इथेच थांब असं एकदा तिला सांगितलं होतं, आता थांबायची पाळी माझी, असं ते म्हणाले. आईला मी हे सगळं मराठीत सांगितलं. तिने गॅस बंद केला, त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मी त्यांना म्हटलं, मग तुम्ही लोकांना ती दुसरी गोष्ट का सांगू देता? शाळेतली मुलं येतात, तुम्ही मान हलवता. हे खोटं नाही का? मी जरा जास्तच बोलले, मला भान राहत नाही. ते शांतपणे म्हणाले, त्या शेकडो माणसांच्या बाजूने ती गोष्ट खरीच आहे. त्यांच्या तोंडचा शब्द मी चुकून बोललो, पण शब्द त्यांचाच होता. तो मी काढून घेणार नाही. मग म्हणाले, मी गेल्यावर हे लिही, तुझ्या भाषेत लिही. माझ्या माणसांना वाचता येणार नाही, पण कुठेतरी लिहिलेलं असेल. रूथबद्दल ते काही बोलले नाहीत. सांग असं नाही आणि सांगू नको असंही नाही... आणि तिथेच मी गेले काही आठवडे अडकून पडले होते.

लिहायला बसले की पेन थांबायचं. मराठीत लिहायचं वचन पाळणं सोपं होतं. पण इकडे त्यांची मुलगी, जिला वाटतं वडिलांना आपण नकोसे होतो, आणि तिकडे हे जिथे छापून येणार त्या मराठी पेपरची पुरवणी वाचणारे हजारो अनोळखी लोक, ज्यांना मी खरं कारण सांगणार. हा कुठला न्याय? पण सांगावं तर तिच्या वडिलांचं जे रूप सगळं गाव डोक्यावर घेतं, ते मी कोण मोडणारी? मी फिजिओथेरपिस्ट, घरची नाही, धर्माची नाही, साधी फुलं न्यायची नाहीत हेही मला कळलं नव्हतं. आईला नागपूरला फोन केला. ती म्हणाली, रब्बीबाबा गेले, पण त्यांची पोरगी अजून आहे नं. बास. एवढं बोलून तिने विहारातल्या कार्यक्रमाचं सुरू केलं.

गेल्या शनिवारी रूथने बोलावलं. घर विकायला काढलं होतं, व्यायामाचे पट्टे, वॉकर, कोणाला लागत असेल तर घेऊन जा म्हणाली. स्वयंपाकघरात खोके रचलेले, भिंतीवरची चित्रं काढून ठेवलेली. ती अडुसष्ट वर्षांची बाई जमिनीवर बसून कपबशा कागदात गुंडाळत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. खिचडीपासून सुरुवात केली, कारण मला दुसरीकडून सुरुवात करता आली नसती. ती हातातला कप तसाच धरून होती. माझं संपल्यावर तिने पहिलं विचारलं ते जनरलचं नाही आणि गावाचं नाही. “म्हणजे ते पत्त्यासाठी इथे राहिले?” मी हो म्हटलं. “पंधरा वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते, मित्रा.” आणि ती रडली, अगदी लहान मुलीसारखी, नाक पुसायचंही भान न ठेवता. मीही रडले. स्मशानात आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं.

मग तिने विचारलं, किती वर्षांची होती? मी म्हटलं, अकरा. तिने मनात हिशेब केला असावा. म्हणाली, मग आता एक्याण्णवची. डॅड नव्याण्णवपर्यंत राहिले, तर का नसेल? आणि चेहरा एकदम बदलून म्हणाली, मला एक आंट आहे. होती नाही, आहे. मी तिला सांगितलं, आमच्याकडे नुसतं आंट म्हणून भागत नाही, मावशी वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी. वडिलांची बहीण ती आत्या. भाचरांची सगळ्यांत हक्काची. तिने म्हणून बघितलं, आट्या. मी सुधारलं नाही.

पोस्टात घराचा पत्ता बदलून दिला तर जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभरच पुढे पाठवतात. म्हणून यंदाचं पत्र रूथनेच लिहिलं, बॉस्टनच्या पत्त्याने. काल रात्री जेवणं झाल्यावर तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. वरचा मजकूर नगरपालिकेला, वडील लिहायचे तसाच, फक्त नवा पत्ता. त्याखाली तिने रिवकाला स्वतंत्र लिहिलं होतं. मी तुझ्या भावाची मुलगी, एवढी ओळख दिली होती आणि पुढे दोनच वाक्यं होती. तो यायला निघाला होता. परत जाणाऱ्यांत पहिला तोच होता.

तिने मला विचारलं, अजून काही लिहायला हवं का? मी म्हटलं, नको. टाक पत्र.